दिव्यांग भावंडं असलेल्या मुलाचा राग कसा हाताळावा

नऊ वर्षांच्या मुलीने दोन संध्याकाळी खपून तक्ता केला आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) असलेल्या धाकट्या भावाने तो फाडला. आई म्हणते, "अगं, त्याला कळत नाही. तू तरी समजून घे." मुलगी रंगांची डबी भिंतीवर आपटते आणि किंचाळते, "मला हा भाऊच नकोय!"

भडका उडालेला असताना समजावू नका. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. नऊ वर्षांच्या पोरीकडून त्या क्षणी शहाणपण कसं येणार? हात उगारला तर धरा आणि एवढंच म्हणा, "राग येऊ दे, मारायचं नाही." दोघांना वेगळं करा. मात्र खोलीबाहेर जायची पाळी दर वेळी हिच्यावरच येत नाही ना, हे बघा.

मग अन्याय कबूल करा. "तू इतकी मेहनत केलीस, त्याने फाडलं आणि त्याला कुणी रागावलंसुद्धा नाही. तुला राग येणारच." इथे थांबा. पुढे 'पण' येऊ देऊ नका, आणि खरी कसोटी इथेच आहे. "पण त्याला त्रास आहे ना" म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. हिला तो त्रास तुमच्याइतकाच माहीत आहे, ती रोज त्याच घरात राहते. आणि 'भाऊच नकोय' याचा धसका घेऊ नका. त्याला कुणी चिडवलं तर हीच पोर उद्या त्याच्यासाठी भांडेल.

भावंडालाही झेपेल तेवढा नियम लावा. त्याला माफी मागता येत नसेल, पण तुमचा हात धरून कागदाचे तुकडे उचलता येतील. 'त्याला सगळं माफ' हेच तर हिचं मुख्य गाऱ्हाणं असतं. सोबत हिला कुलूप लागेल असा एक कप्पा द्या. उपदेशापेक्षा कुलूप जास्त उपयोगी पडतं.

खरी माहिती द्या. लहान मुलं मनाशी भलतेच अर्थ लावतात: मी त्याला ढकललं होतं म्हणून तो असा झाला का? मलाही होईल का? मोठ्या मुलांच्या मनात वेगळंच असतं: आईबाबा नसतील तेव्हा याचं सगळं माझ्यावर येणार का? ती विचारतीलच असं नाही, म्हणून विषय तुम्हीच काढा. दोष कुणाचा याबद्दल स्वच्छ सांगा, हे तुझ्यामुळे झालेलं नाही.

ठरलेला वेळ द्या. रोज पंधरा मिनिटं, फोन बाजूला ठेवून. भावाच्या थेरपीची वेळ जशी आपण सहसा चुकवत नाही, तशी हीही चुकवू नका. तिने काढल्याशिवाय भावाचा विषय नको.

मदत आणि जबाबदारी यांतला फरकही सांभाळा. पाण्याचा पेला नेऊन देणं ही मदत. रोज त्याला भरवणं किंवा मैत्रिणींसोबत खेळताना त्याच्यावर लक्ष ठेवणं ही जबाबदारी, आणि ती मोठ्यांची.

आपल्यासारखी दुसरी मुलं भेटली की ही मुलं बरीच मोकळी होतात. अमेरिकेत डॉन मेयर यांनी १९८०च्या दशकात 'सिबशॉप' नावाच्या कार्यशाळा सुरू केल्या, मुख्यतः ८ ते १३ वर्षांच्या अशा भावंडांसाठी. खेळ, धमाल आणि मधूनमधून मनातलं बोलणं, असं त्यांचं स्वरूप. असा गट जवळपास नसेल तर थेरपी केंद्रात भेटणाऱ्या दोन-तीन कुटुंबांनी मुलांना एकत्र खेळायला सोडलं तरी सुरुवात होते.

मुलाकडून भावंडाला वारंवार इजा होत असेल, मुलाची झोप किंवा अभ्यास बिघडला असेल, तर त्याला बालमानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवा. स्वतःला इजा करण्याची किंवा मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. एरवी आदळआपट करणारं मूल अचानक फारच शहाण्यासारखं, गप्प वागू लागलं, तरी लक्ष द्या.

आणि तुम्ही आधीच ओरडून बसला असाल, तर रात्री तिच्याजवळ जाऊन बसा. "मघाशी मी तुलाच बोलले. तक्ता तर तुझाच फाटला होता." तिने कूस बदलली, तर बदलू द्या.