ब्रिटनमध्ये घर बदलताय? रिमूव्हलवाल्याशी आधी काय ठरवायचं

पुण्या-मुंबईत पॅकर्स-मूव्हर्स बोलावले की माणसं खोकी आणि बबल रॅप घेऊनच येतात. भांडी गुंडाळतात, पलंग सोडवतात आणि नव्या घरात जोडूनही देतात. ब्रिटनमध्ये साध्या दरात बहुधा एवढंच मिळतं: सामान उचलणं, नेणं, उतरवणं. पॅकिंग, खोकी, फर्निचर सोडवणं-जोडणं, मधल्या काळात सामान गोदामात ठेवणं, हे प्रत्येक काम वेगळं सांगावं लागतं आणि त्याचे पैसेही वेगळे पडतात. त्यामुळे कोटेशन लेखीच घ्या, आणि त्यात 20 टक्के व्हॅट धरलाय का ते पाहा.

एका बेडरूमच्या फ्लॅटला मॅन अँड व्हॅन, म्हणजे व्हॅन घेऊन येणारा माणूस, पुरतो. त्याचा हिशोब तासावर असतो आणि बहुतेक जण किमान दोन तासांचे पैसे घेतात. घड्याळ तुमच्या दारात सुरू होतं की त्यांच्या डेपोत, हे विचारून घ्या. मोठ्या घराला रिमूव्हल कंपनी बरी. ती आधी घर बघून (हल्ली व्हिडिओ कॉलवरही) ठरावीक रक्कम सांगते. तेव्हा माळा, शेड, सायकली, सगळं दाखवा. न दाखवलेलं सामान ऐन वेळी गाडीत मावत नाही. नेहमीची गाडी म्हणजे ल्यूटन व्हॅन: मागे टेल लिफ्ट (सामान वर चढवणारी फळी), आत साधारण 18 ते 20 घनमीटर जागा. पण 3.5 टनांच्या या गाडीत सामान जेमतेम टनभरच नेता येतं. पुस्तकं जास्त असली तर जागा उरते आणि वजन संपतं. महिनाअखेर आणि शुक्रवार टाळता आले तर दर उतरतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पार्किंगचा. गाडी दारापासून पन्नास मीटर लांब लागली की प्रत्येक फेरी लांबते आणि तासाचं बिल फुगतं. रस्त्यावर परमिटच्या जागा असतील तर काउन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) त्या दिवसापुरती जागा राखून घ्या. त्याला बऱ्याच ठिकाणी दोन आठवडे किंवा जास्त आधी अर्ज लागतो, आणि तो जुन्या-नव्या दोन्ही पत्त्यांसाठी करायचा असतो. मोठ्या इमारतीत लिफ्टही बुक करावी लागते. लंडनमध्ये 29 ऑगस्ट 2023 पासून सगळ्या बरोंमध्ये (शहराच्या प्रशासकीय विभागांत) यूलेझ लागू आहे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचं शुल्क पडतं. गाडी नियमात बसते का आणि नसेल तर शुल्क कोणाच्या माथी, हे आधीच ठरवा.

जुन्या टेरेस घरांत (एकाला एक लागून रांगेत बांधलेल्या) दारातून शिरताच अरुंद बोळ आणि लगेच जिना. सोफा तिथे वळतच नाही. नुसती लांबी मोजून भागत नाही, सोफा उभा करूनही नेता येतो. अडतो तो पुढून मागेपर्यंतच्या मापामुळे आणि उंचीमुळे. ती मापं दाराच्या आणि जिन्याच्या वळणाच्या मापांशी ताडून बघा. पाय निघत असतील तर काढा, स्क्रू पिशवीत घालून सोफ्यालाच चिकटवा.

वॉशिंग मशीनला ट्रान्झिट बोल्ट (ड्रम घट्ट धरून ठेवणारे) लावल्याशिवाय हलवू नका, ड्रम मोकळा हिंदकळून खराब होतो. हे बोल्ट नवीन मशीनसोबत येतात आणि पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातात, तेव्हा जपून ठेवा. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून डिफ्रॉस्ट करा. गॅसची शेगडी मात्र गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसानेच सोडवायची, हमालांनी नाही.

आपल्या स्वयंपाकघरासाठी एक गोष्ट: खलबत्ता आणि पोळपाट लहान खोक्यात ठेवा, मोठ्यात ठेवलात तर खोक्याचा तळ सुटतो. लोणच्याची बरणी सामानात देऊच नका. तेल झिरपून कपडे खराब होतात, आणि ते भरपाईत येत नाही. पासपोर्ट, सोनं तर स्वतःजवळच.

विम्याबद्दल स्पष्ट विचारा. पब्लिक लायबिलिटी (इतरांना किंवा इमारतीला झालेल्या नुकसानीचा विमा) म्हणजे तुमच्या सामानाचा विमा नव्हे. त्यासाठी गुड्स इन ट्रान्झिट, म्हणजे वाहतुकीतल्या सामानाचा विमा, हवा. काही करारांत कंपनीची जबाबदारी एका वस्तूमागे फक्त 40 पौंड असते. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली फुटलेली काच बहुधा धरली जात नाही, म्हणून निदान काचसामानाचं पॅकिंग त्यांच्याकडून करून घेणं परवडतं. उतरवून झाल्यावर सहीचा कागद पुढे येतो. खोकी उघडली नसतील तर सहीशेजारी ‘अद्याप तपासलेलं नाही’ असं लिहा, फोटो काढा आणि तक्रार ईमेलवरच करा. तिची मुदत अनेकदा सातच दिवसांची असते.