सर्व्हर पडला, शेअर पडला, आता बिल कोणाच्या नावावर फाटणार?

आउटेजची, म्हणजे सर्व्हर किंवा सेवा बंद पडल्याची, बातमी आली की पहिला हात ब्रोकरच्या ॲपकडे जातो, तो जरा आवरा. भाव काय सगळ्यांनाच दिसतोय. तुम्हाला शोधायचंय ते एवढंच की या गोंधळाचं बिल शेवटी कोणाच्या नावावर फाटणार.

19 जुलै 2024 चंच घ्या. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख विंडोज मशीन बसली. कंपनीने ते अपडेट 78 मिनिटांत मागे घेतलं होतं हो, पण जे मशीन सुरूच होत नाही त्याला दुरुस्ती पोचणार कशी, मग आयटीवाले एकेका मशीनसमोर बसून सेफ मोडमध्ये ती सदोष फाइल हाताने उडवत होते. शेअर त्या दिवशी साधारण 11 टक्के पडला. डेल्टा एअरलाइन्सने 50 कोटी डॉलरचं नुकसान सांगितलं आणि कोर्टात गेली, त्यावर क्राउडस्ट्राइकच्या वकिलांचं उत्तर काय, तर करारानुसार आमची जबाबदारी फार तर काही मिलियन डॉलर.

म्हणून आधी हे करारातलं लिमिट बघायचं, क्लाउडवाले, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या, तर बहुतेक वेळा रोख भरपाई देतच नाहीत, पुढच्या बिलात क्रेडिट देतात आणि मोकळे होतात. मग पुढच्या तिमाहीत ग्राहक टिकले का ते बघा. क्राउडस्ट्राइकचं ग्रॉस रिटेन्शन, म्हणजे जुन्या ग्राहकांकडून येणाऱ्या उत्पन्नापैकी टिकलेला हिस्सा, 97 टक्क्यांच्या आसपास राहिलं, आणि घाबरून तळाला विकणारे नंतर हात चोळत बसले.

उलटी केस पण आहे. 20 ऑक्टोबर 2025 ला ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) घोळ झाला, अर्धं इंटरनेट लंगडलं, आणि ॲमेझॉनचा शेअर त्या दिवशी वर बंद झाला! भोगलं ते त्यांच्यावर उभ्या असलेल्या कंपन्यांनी. तेव्हा आपल्या पोर्टफोलिओतल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडा, रिस्क फॅक्टर्समध्ये क्लाउडवाल्याचं नाव सर्च करा. पाच वेगवेगळ्या सेक्टरचे शेअर घेऊन डायव्हर्सिफाय केलं म्हणायचं आणि पाचही एकाच क्लाउडवर, असं सर्रास निघतं.

आता एआयचे कायदे. इथे हेडलाइनवर ट्रेड करणं म्हणजे नुसती दमछाक. कॅलिफोर्नियाचं एसबी 1047 हे एआय सुरक्षेचं विधेयक इतकं गाजलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो मारला, बरोबर वर्षाने त्यांनीच एसबी 53 या दुसऱ्या एआय विधेयकावर सही केली. राज्यांच्या एआय कायद्यांना 10 वर्षं ब्रेक लावायची तरतूद अमेरिकन सिनेटने जुलै 2025 मध्ये 99 विरुद्ध 1 मतांनी काढून टाकली. त्यामुळे नुसतं विधेयक आहे की सही झालेला कायदा, आणि तो मॉडेल बनवणाऱ्याला लागू की वापरणाऱ्याला, हे कळल्याशिवाय बटण दाबू नका.

युरोपच्या एआय ॲक्टचा 7 टक्के दंड सगळे ओरडून सांगतात, पण तो बंदी घातलेल्या वापरांसाठी आहे. चॅटजीपीटीसारख्या मॉडेलवाल्यांसाठी कमाल मर्यादा 3 टक्के किंवा 1.5 कोटी युरो, यातलं जे जास्त असेल ते. मात्र हे टक्के जगभरातल्या उलाढालीवर आहेत, नफ्यावर नाही, आणि खरी गोम इथेच आहे. 100 च्या विक्रीवर 10 कमावणाऱ्या कंपनीला 3 चा दंड म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा नफा गेला, आणि तोट्यात चालणाऱ्या स्टार्टअपला तो थेट खिशातून.