सपाट नागपुरातून कळसूबाईच्या धारेवर: उतरण्याची तयारी

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे आणि शहराचा बहुतेक भाग सपाट आहे. त्यामुळे कळसूबाईला जायचे ठरवलेला नागपूरकर चढाच्या धास्तीने तयारीला लागतो, पहाटे फुटाळ्याला किंवा अंबाझरीला धावतो आणि दम वाढवतो. ही तयारी आवश्यक असली तरी अर्धीच आहे. 1,646 मीटर उंचीचे हे शिखर चांगल्या दमाच्या बळावर गाठता येते, परंतु पायथ्याच्या बारी गावाकडे परत उतरताना कस लागतो तो मांड्यांचा. माझ्या पहिल्या खेपेस मी माथ्यावर ताजातवाना पोहोचलो होतो आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी उतरत होतो.

याचे कारण स्नायूंच्या कामात आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो, तर उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचे वजन रोखून धरतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे लगेच न जाणवता साधारण एक ते तीन दिवसांत वाढत जाते. समाधानाची गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतात. उताराचा एक चांगला सराव झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने पूर्वीइतकी इजा होत नाही. म्हणून मोहिमेपूर्वीच्या सहा-आठ आठवड्यांत आठवड्यातून एक दिवस केवळ उतरण्यासाठी राखून ठेवावा.

त्यासाठी नागपुरातलीच सेमिनरी हिल्सची टेकडी पुरेशी आहे. सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी बनला, त्यांचाच काळा पाषाण या टेकडीतही आहे, आणि मला तरी तिथे पाऊल टाकताना पुढच्या वाटेची ओळख होत असल्यासारखे वाटते. वर जाताना चालावे आणि खाली येताना हळूहळू धावावे. पावले आखूड व जलद असावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत, नजर तीन-चार पावले पुढे असावी. भीतीने मागे झुकण्याचा मोह टाळावा, कारण मागे झुकल्यावर सगळा भार टाचेवर येतो आणि पाय घसरतो. दर पंधरवड्याला रामटेकला जाऊन गडमंदिराच्या पायऱ्यांवर चढ-उतार करावेत. एका पायरीची उंची मोजून तिला पायऱ्यांच्या संख्येने गुणले की एका फेरीतली चढाई कळते. पायरी 15 सेंटिमीटरची असेल, तर हजार पायऱ्यांचे 150 मीटर होतात. बारीहून माथ्यापर्यंतची चढाई 800 मीटरांहून अधिक आहे. तिच्या निम्मी चढाई एका सकाळी न थकता पूर्ण होऊ लागली की तयारी योग्य मार्गावर आहे असे समजावे.

डिसेंबर-जानेवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. नागपूरहून इगतपुरी रेल्वेने सुमारे 700 किलोमीटर आहे. रात्रभर बसून प्रवास केल्यावर पाय जड झालेले असतात, म्हणून उतरल्या दिवशी घोटीमार्गे बारीला जाऊन विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्या पहाटे चढाई सुरू करावी.

डोंगराची सोंड चढताना जोराने धावण्याचा आग्रह नसावा. तीव्र चढावर मांडीवर हात टेकून लांब श्वासाने चालणारा माणूस, धावून धापा टाकणाऱ्याच्या फारसा मागे राहत नाही; धावणे सपाट टप्प्यांपुरतेच ठेवावे. लाव्हाचे थर एकावर एक असल्याने पठार आणि कातळकडा आलटून पालटून येतात, आणि अशा उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. शिडी उतरताना तोंड शिडीकडे ठेवावे, दोन्ही हात मोकळे असावेत आणि समोरून येणाऱ्याला आधी वाट द्यावी. घसाऱ्यावर दोघांमध्ये अंतर ठेवावे, म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागत नाही.

उघड्या धारेवर वारा थेट अंगावर येतो. घामाने भिजलेला सदरा काही मिनिटांत गारठवतो, म्हणून वारारोधक जाकीट पिशवीत वरच असावे. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर माथा कितीही जवळ असला तरी परत फिरावे, कारण उघडी धार आणि लोखंडी कठडे ही विजेच्या वेळी थांबण्याची जागा नव्हे. दर तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, थोडी चिक्की किंवा खजूर आणि मिठाचे काहीतरी पुरते. आपण नागपूरकर सोबत संत्री नेणारच. त्यांच्या साली मात्र पिशवीत भरून परत आणाव्यात. वाटेवर गावकरी लिंबू सरबत आणि पिठले-भाकरी विकतात, तिथे अवश्य थांबावे.

परतल्यावर दोन दिवस धावू नये, पण सपाटीवर संथपणे चालत राहावे. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर ते अपेक्षितच आहे. दुखणे एकाच गुडघ्यात असेल, तिथे सूज असेल किंवा चार-पाच दिवसांनीही जिना उतरणे कठीण वाटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.