रेव्हिटमध्ये सर्व्हेचे कोऑर्डिनेट्स कसे बसवायचे (बिल्डिंग न हलवता)

रेव्हिट हे बिल्डिंगचं 3डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर. त्यात काम करताना जागेच्या मोजणीचं, म्हणजे सर्व्हेचं, ड्रॉइंग आलं की कोणीतरी हमखास सांगतं, ओरिजिन टू ओरिजिन (दोन्ही फाइलींचे शून्यबिंदू जुळवून) लिंक कर आणि मॉडेल उचलून तिकडे नेऊन ठेव. हे अजिबात करू नका. पुण्यातला प्लॉट यूटीएम (पृथ्वीवर मीटरची जाळी टाकून जागा मोजायची पद्धत) झोन 43 मध्ये मोजला असेल तर नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं अंतर, 20 लाख मीटरच्या वर येतं, कारण ते विषुववृत्तापासून मोजतात, आणि रेव्हिटला तर मॉडेल इंटर्नल ओरिजिनपासून (फाइलच्या आतल्या न हलणाऱ्या शून्यबिंदूपासून) 16 किलोमीटरच्या आत लागतं. बिल्डिंग ओरिजिनजवळच राहू द्या, सर्व्हेला तिच्याकडे आणा.

आधी कॅडमध्ये सर्व्हे उघडून लांब कुठे पडलेला भटका ब्लॉक किंवा टेक्स्ट उडवा. 0,0 वर राहिलेला एक टिंबसुद्धा फाइलचा पसारा 2000 किलोमीटरचा करतो. लिंक करताना युनिट स्वतः निवडा, सर्व्हे बहुतेक मीटरमध्ये असतो. पोझिशन सेंटर टू सेंटर.

मग ती लिंक मूव्ह आणि रोटेट करून प्लॉटचा कोपरा आपल्या ग्रीडवर बसवा. लिंकच फिरवायची, मॉडेल नाही. नंतर मॅनेज टॅबमध्ये अक्वायर कोऑर्डिनेट्स, लिंकवर क्लिक, झालं, सर्व्हेचे कोऑर्डिनेट्स आपल्या मॉडेलने घेतले. ट्रू नॉर्थचा कोन त्यातूनच येतो, तो मोबाइलचं होकायंत्र बघून टाइप करू नका. यूटीएमच्या जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात पुण्यात साधारण एक तृतीयांश अंशाचा फरक आहे, म्हणजे 100 मीटरला अर्ध्या मीटरहून जास्त, आणि साइटवाला जाळीवरच आखणी करणार आहे.

आता खरी अवघड जागा, सर्व्हे पॉइंटची (सर्व्हेचे कोऑर्डिनेट्स दाखवणाऱ्या त्रिकोणी खुणेची) पेपरक्लिप, म्हणजे ती खूण निवडल्यावर शेजारी दिसणारं क्लिपचं चिन्ह. क्लिप लागलेली असताना तो त्रिकोण ओढला तर अख्खी शेअर्ड कोऑर्डिनेट सिस्टीम (सर्व्हेकडून घेतलेली, सगळ्या फाइलींना समान) सरकते. क्लिप सोडून ओढला तर फक्त खूण सरकते, सिस्टीम जागेवर राहते. दोन्ही वेळा स्क्रीनवर दिसतं एकच, एक त्रिकोण इकडून तिकडे गेला. मी एका निवासी प्रोजेक्टमध्ये तो प्लॅनच्या मध्ये येतोय म्हणून बाजूला सरकवला होता, क्लिप लागलेली होती, एकही भिंत हलली नाही त्यामुळे काही बिघडलंय असा संशयसुद्धा आला नाही. दोन आठवड्यांनी सेटिंग-आउटचं (जमिनीवर आखणी करायचं) शीट साइटवर गेलं, टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावलं, तर कोपऱ्याचा कॉलम कुंपणाच्या पलीकडे. खोदकाम सुरू झालं नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: अक्वायर झाल्या झाल्या सर्व्हे पॉइंट आणि लिंक दोन्ही पिन (हलू नयेत म्हणून लॉक), आणि अडचण होत असेल तर व्ह्यूमध्ये हाइड करायचं, हात लावायचा नाही. "क्लिप काढून टाक म्हणजे कटकट नको" असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नका, पुढच्या माणसाला ओरिजिन कुठे आहे ते कळत नाही.

पिन केल्यावर लगेच दोन कोपऱ्यांना स्पॉट कोऑर्डिनेट (त्या बिंदूचे आकडे दाखवणारी खूण) लावून सर्व्हेच्या आकड्यांशी ताडून बघा. एकच कोपरा पुरत नाही, एक जुळला तरी कोन चुकलेला असू शकतो. स्पॉट कोऑर्डिनेटच्या टाइपमध्ये ओरिजिन सर्व्हे पॉइंट आहे ना तेही बघा.

उंचीचं वेगळं. कॅड सपाट असलं तर झेड शून्यच येतं, मग स्पेसिफाय कोऑर्डिनेट्स अ‍ॅट पॉइंट घ्या, फक्त एलिव्हेशनमध्ये सर्व्हेतली आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची) टाका, बाकीचे आकडे आणि कोन तसेच राहू द्या. लेव्हलवर आरएल दिसायला हवी असेल तर लेव्हलच्या टाइपमध्ये एलिव्हेशन बेस सर्व्हे पॉइंट करायचा.

स्ट्रक्चर आणि एमईपीवाल्यांनी (एसी, वीज, प्लंबिंगवाल्यांनी) आपली आर्किटेक्चरची फाइल लिंक करून तिच्यातूनच अक्वायर करायचं. सर्व्हेची कॅड फाइल त्यांना देऊच नका, प्रत्येकाने आपापल्या हाताने बसवली की तीन मॉडेल तीन ठिकाणी बसतात. एकदा सगळ्यांनी एकाच फाइलमधून घेतलं की नंतरच्या लिंक बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स टाकल्या तरी जागच्या जागी येतात.