ईबेवर जुना अ‍ॅस्ट्रो कॅमेरा घेताय? आधी एक डार्क फ्रेम मागा

आकाशाचे फोटो काढायचा पहिला कूल्ड कॅमेरा, म्हणजे आतला सेन्सर थंड ठेवणारा, मी ईबेच्या लिलावात घेतला, ताईच्या न्यू जर्सीच्या पत्त्यावर मागवला, आणि ती दिवाळीला येणार म्हणून चार महिने तो तिच्या कपाटात बंद डब्यात पडून राहिला. डोंबिवलीला आल्यावर मी तो आकाश बघायला वांगणीला नेऊन लावला तर कूलिंगच चालेना. पंखा फिरतोय पण टेम्परेचर २६ वरून हलत नाही. ईबेची मनी बॅक गॅरंटी डिलिव्हरीपासून ३० दिवस असते, ती कधीच संपलेली. साठवून साठवून घेतलेला कॅमेरा होता, रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून मी जे करतो ते सगळं लिहितोय, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील.

आधी काय घ्यायचं ते. जुनी एसबीआयजी कंपनीची एसटी-७, एसटी-८ मॉडेलं स्वस्तात दिसतात आणि नावामुळे मोह होतो, पण त्यातले सुरुवातीचे मॉडेल पॅरलल पोर्टवाले आहेत, तो पोर्ट आता कुठल्याच लॅपटॉपला नाही. कोडॅकच्या केएएफ-८३०० चिपचे कॅमेरे चांगले आहेत पण त्यात मेकॅनिकल शटर असतं आणि ते अडकलं की दुरुस्तीला कोण बसणार. सोनीने २०१५ मध्येच सीसीडी, म्हणजे या जुन्या कॅमेऱ्यांतला सेन्सरचा प्रकार, बंद करायचं ठरवलं, त्यामुळे मी तरी नव्या प्रकारचा, सीमॉस सेन्सरवाला घ्या असंच सांगेन. ग्रहांसाठी झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआय२२४, डीप स्कायसाठी (तेजोमेघ, दीर्घिका) एएसआय५३३ किंवा २९४, हे वापरलेले बऱ्यापैकी येत असतात. आणि तुमच्याकडे एएसआय-एअर (त्याच कंपनीचा, कॅमेरा चालवणारा छोटा कॉम्प्युटर) असेल तर क्यूएचवाय किंवा एटिक या दुसऱ्या कंपन्यांचा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो त्याच्यावर चालत नाही.

किंमत बघताना लोकांनी मागितलेले आकडे बघू नका, 'सोल्ड आयटम्स' फिल्टर लावा, खरा भाव तिथे कळतो. 'अनटेस्टेड' किंवा 'फॉर पार्ट्स' लिहिलं असेल तर सोडून द्या, त्यात नंतर भांडायला जागाच राहत नाही. 'नो रिटर्न्स' लिहिलं असलं तरी वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर गॅरंटी लागू होते, म्हणून वर्णनात 'कूलिंग चालतं' हे स्पष्ट लिहून घ्यायचं, ईबेच्याच मेसेजमध्ये, बाहेर नाही.

आता मुख्य गोष्ट. विक्रेत्याला नम्रपणे विचारा की झाकण लावून, कूलर शून्यावर ठेवून, ३०० सेकंदांची एक डार्क फ्रेम (पूर्ण अंधारातला फोटो, त्यात फक्त सेन्सरचे दोष दिसतात) काढून द्याल का, आणि ती जेपेग नको, फिट्स फाइल, म्हणजे खगोल कॅमेऱ्याची मूळ फाइल द्या. फिट्सच्या हेडरमध्ये साधारणपणे तारीख, एक्स्पोजर आणि सेन्सरचं टेम्परेचर लिहिलेलं असतं. माझ्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या वेळी हेडर उघडलं आणि त्यात ०.१ दिसलं, तारीख कालची, तेव्हा कुठे जिवात जीव आला. फ्रेम स्ट्रेच करून, म्हणजे अंधारातले बारीक फरक उजळवून बघा. २९४ मध्ये कडेने उजेड पसरल्यासारखा दिसेल, तो अ‍ॅम्प ग्लो, म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या सर्किटमुळे येणारा उजेड, त्या सेन्सरला असतोच आणि तेवढ्याच एक्स्पोजरच्या, तेवढ्याच टेम्परेचरची डार्क फ्रेम वजा केली की जातो, घाबरू नका. पण ५३३ मध्ये तसं दिसलं तर काहीतरी गडबड आहे, कारण त्याला अ‍ॅम्प ग्लो नाही. फाइल द्यायला टाळाटाळ केली तर मी तो लिलाव सोडतो, मग कितीही मन होत असलं तरी.

बोली एकदाच लावायची. जास्तीत जास्त किती ते आदल्या दिवशी कागदावर लिहा, त्यात शिपिंग धरा, थेट भारतात मागवत असाल तर कस्टम्स धरा, आणि शेवटच्या दहा सेकंदांत तो पूर्ण आकडा टाका. ईबे तुमचा आकडा लगेच उघड करत नाही, दुसऱ्याच्या बोलीवर एक पायरी एवढंच चढवतं, त्यामुळे चार दिवस आधी बोली लावून उगाच भाव चढवण्यात काही अर्थ नाही. आकडा गोल नको, ४०० ऐवजी ४१२ टाका. तिकडचा रविवार संध्याकाळचा लिलाव आपल्याकडे सोमवारी सकाळी संपतो, गजर लावून उठा.

कॅमेरा पोचला की त्याच आठवड्यात टेस्ट. ताईला खगोलातलं काही येत नाही, दुसऱ्या कॅमेऱ्याच्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर सांगत गेलो आणि तिने डायनिंग टेबलवर सगळं केलं. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर हवा, नुसत्या यूएसबीवर कूलर चालत नाही, आणि विक्रेते बहुतेक वेळा अ‍ॅडॉप्टर देत नाहीत. खोलीत २४ असेल तर शून्यावर सेट करा, काही मिनिटांत यायला हवं आणि कूलर पॉवर १०० टक्क्यांच्या बरीच खाली स्थिर व्हायला हवी. मग कॅमेऱ्याच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल रबरबँडने ताणून बसवा, मधोमध सुईने एक भोक पाडा आणि ट्यूबलाइटकडे धरून छोटं एक्स्पोजर घ्या. फॉइल नसेल तर उजेड सगळीकडून येतो आणि धूळ पुसट होते, भोकामुळे एकेक कण ठळक दिसतो. तसंच अर्धा तास थंड ठेवून पुन्हा फोटो घ्या. "अरे, मधे फुलासारखं काहीतरी उमटतंय," ताई म्हणाली. ते दव गोठलेलं, म्हणजे आतल्या ओल शोषणाऱ्या डेसिकंट गोळ्या ओल्या झाल्यात. हा दोष मोठा नाही, गोळ्या बदलल्या की जातो, पण तेवढे पैसे कमी करून मागता येतात, आणि मला विक्रेत्याने परत दिलेसुद्धा.

आपल्या उन्हाळ्याचा विचारही आधीच करा. हे कॅमेरे हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली जातात, एप्रिलच्या रात्री २८ असेल तर उणे १० होणारच नाही. मी उन्हाळ्यात शून्यावर आणि डिसेंबरात उणे १० वर काढतो, दोन्हीच्या डार्क वेगळ्या ठेवतो. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेल टाकून ठेवा, आणि जेल ओलं झालं की बदला.