कल्पना उसनी घेताना या चुका टाळा

डिझाइन, जाहिरात, लेखन, ॲनिमेशन, यांपैकी काहीही करत असाल तर फोनमध्ये एक फोल्डर नक्की असेल: जपानी रेल्वे, मुंग्यांची वारुळं, कुठल्या तरी कंपनीची भन्नाट युक्ती. वाचताना मजा येते. सोमवारी ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते सांगणारा कागद, हातात पडलं की त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही. बहुतेक वेळा घोळ कल्पना उचलतानाच झालेला असतो.

रूप उचललं, युक्ती तिथेच राहिली

खंड्याची चोच आणि बुलेट ट्रेन हे उदाहरण आता गुळगुळीत झालंय. ते ऐकून लोक ‘निसर्गातून प्रेरणा’ म्हणत लोगोत पानं आणि पंख घुसवतात. मूळ भानगड आवाजाची होती. गाडी वेगाने बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जायची, तो दाब लाटेसारखा पुढे पळायचा आणि दुसऱ्या टोकाला धडाम्‌ आवाज व्हायचा. आसपासची वस्ती वैतागलेली. एजी नाकात्सु हे या जपानी बुलेट ट्रेनचे अभियंते, आणि पक्षिनिरीक्षकही. खंड्या हवेतून थेट पाण्यात सूर मारतो, म्हणजे कमी रोधातून एकदम जास्त रोधात, तरी पाणी फारसं उडत नाही. बोगद्याच्या तोंडाशी पेच तोच होता. मग वेगवेगळ्या आकारांच्या चाचण्या झाल्या आणि १९९७ मध्ये धावू लागलेल्या ‘५०० सिरीज’ बुलेट ट्रेनला चोचीसारखं, तब्बल १५ मीटर लांब नाक मिळालं. याच गाडीच्या पँटोग्राफचा, म्हणजे छतावरून तारेतली वीज घेणाऱ्या सांगाड्याचा, आवाज कमी करायला घुबडाच्या पिसांच्या रचनेची मदत घेतली होती. गाडीवर पक्ष्याचं चित्र मात्र कुणी काढलं नाही.

तपासायचं कसं? मूळ वस्तूचं नाव न घेता युक्ती एका ओळीत लिहून बघा. ‘एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना धक्का हळूहळू वाढू द्यायचा’ असं लिहिता आलं, तर ती ओळ ॲपच्या पहिल्या स्क्रीनला लागू पडेल, कथेच्या पहिल्या परिच्छेदालाही. लिहिता आलं नाही तर हाती फक्त चोच आली आहे.

मॅनेजमेंटच्या शब्दांना भुलणं

मुंबईच्या डबेवाल्यांवर स्लाइड्स भरपूर निघतात, पण डब्याचं झाकण नीट पाहणारे कमी. त्यावर पूर्ण पत्ता नसतो. रंगाने लिहिलेली मोजकी अक्षरं आणि आकडे असतात: डबा कुठून निघाला, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, तिथून कोण नेणार, कुठली इमारत, कितवा मजला. प्रत्येकाने आपल्यापुरतं वाचायचं आणि डबा पुढे द्यायचा. घर आणि गिऱ्हाईक नेणाऱ्या-आणणाऱ्याला पाठ असतं, मग ते झाकणावर कशाला? हॉस्पिटलच्या पाट्या किंवा फाइलींची नावं ठरवताना हे एवढंच उचला. ‘एक्सलन्स’ वगैरे शब्द स्लाइडवरच राहू द्या.

फक्त ‘सुचलं’ तो क्षण लक्षात ठेवणं

स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं दिसली. त्यावरून सुचलेल्या वेल्क्रोचं, म्हणजे दाबलं की चिकटणाऱ्या पट्टीचं, पेटंट मिळालं १९५५ मध्ये. मधली वर्षं नायलॉनचे बारीक हूक टिकाऊ कसे करायचे यातच गेली. वेळापत्रक बनवताना ही मधली वर्षं धरा, नाहीतर क्लायंटला आठवड्याचा शब्द देऊन बसाल.

आधी साठा, मग प्रश्न

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दादासाहेब फाळक्यांकडे छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, सगळंच होतं. पण गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिल्यावर ‘आपले देव असे पडद्यावर कधी दिसतील?’ हा प्रश्न डोक्यात बसला आणि या साऱ्याला दिशा मिळाली. लंडनहून कॅमेरा आणला, तरी पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोप वाढताना थोड्या थोड्या वेळाने त्याच्या फ्रेम्स टिपल्या आणि ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म भांडवलदारांना दाखवली. पैसा उभा राहिला; ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. वनस्पतिशास्त्राचा हा प्रयोग पैसे उभे करायला कामी आला, कारण नेमकं काय पटवून द्यायचंय हे आधी ठरलेलं होतं.

म्हणून फोल्डर विषयांनुसार लावू नका. ‘निसर्ग’, ‘टेक’, ‘बिझनेस’ ही नावं काढा आणि अडचणींची द्या: ‘लोक पहिल्याच पायरीवर सोडून जातात’, ‘खर्च पटवून देता येत नाही’, ‘हातातून हातात जाताना माहिती गळते’. ज्या नोंदी कुठल्याच अडचणीखाली बसत नाहीत, त्या बिनधास्त डिलीट करा. आणि क्लायंटसमोर खंड्याची गोष्ट सांगायची तर काम दाखवून झाल्यावर, तेही त्याने विचारलं तरच.