एफजीएम बीम-प्लेटची फ्रिक्वेन्सी जुळत नाही? या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की ऐरोलीला आमच्या घरी एम.ई.ची मुलं लॅपटॉप घेऊन येतात. विषय असतो एफजीएम, म्हणजे जाडीत सिरॅमिकपासून धातूपर्यंत हळूहळू बदलत जाणारं मटेरियल (फंक्शनली ग्रेडेड मटेरियल), आणि काढायची असते त्याच्या बीमची किंवा प्लेटची नैसर्गिक कंपनाची फ्रिक्वेन्सी. तक्रार ठरलेली: "मॅडम, पेपरमधल्या टेबलाशी आकडे जुळत नाहीत." तोवर मेश (सॉफ्टवेअरमधली तुकड्यांची जाळी) बारीक करण्यात दोन आठवडे गेलेले असतात. मेशचा दोष मला क्वचितच सापडला आहे.

आधी दोन टोकं तपासा. नेहमीची जोडी घ्या: अल्युमिना हे सिरॅमिक (कडकपणा, म्हणजे यंग्ज मॉड्युलस ३८० गिगापास्कल, घनता ३८०० किलो प्रति घनमीटर) आणि अॅल्युमिनियम (७० गिगापास्कल, घनता २७००). घातांक म्हणजे जाडीत सिरॅमिकचं प्रमाण कसं बदलतं ते ठरवणारा आकडा. तो शून्य ठेवला की सगळा बीम सिरॅमिकचा, खूप मोठा ठेवला की जवळपास धातूचा. या दोन फ्रिक्वेन्सींचं गुणोत्तर १.९६च्या आसपास यायलाच हवं. उलटं आलं, तर पेपरने घातांक धातूच्या बाजूने मोजला असेल. गुणोत्तर बरोबर पण आकडेच भलते आले, तर युनिट बघा. मिलिमीटर-न्यूटनमध्ये काम करताना घनता टन प्रति घन मिलिमीटर लागते.

टोकं जुळली आणि मधले आकडेच वर जात असतील, तर खरी चूक बहुतेक इथे असते. एकजिनसी बीमचा न्यूट्रल अॅक्सिस (वाकताना जिथे ताणही नसतो, दाबही नसतो ती रेषा) जाडीच्या मध्यावर असतो, ही सवय आपल्याला डिप्लोमापासून लागलेली. एफजीएममध्ये तो कडक बाजूकडे सरकतो. वरच्याच जोडीत घातांक १ घेतला, तर तो मध्यापासून जाडीच्या सुमारे ११.५ टक्के सिरॅमिककडे जातो. म्हणजे बीम वाकला की मध्यरेषा ताणलीही जाते. वाकणं आणि ताणणं यांचं हे कपलिंग (एकमेकांत गुंतणं) सोडून नुसती मध्यातून काढलेली बेंडिंग स्टिफनेस वापरली, तर बारीक, साध्या आधारावरच्या बीमची फ्रिक्वेन्सी सुमारे ९ टक्के जास्त येते. हिशेब एकदा हाताने करा, अर्धं पान पुरतं. मी प्रत्येकाला तो करायलाच लावते, कारण एकदा केला की विसरत नाही.

यातूनच आधाराचा घोळ होतो. साध्या बीमला दोन्ही टोकांना पिन लावा किंवा एकीकडे रोलर, पहिली फ्रिक्वेन्सी तीच राहते. एफजीएममध्ये मध्यरेषेवर दोन्हीकडे पिन लावली तर ती बदलते, कारण ताणायला वाव राहत नाही. पेपरमध्ये नुसतं 'सिम्पली सपोर्टेड' लिहिलेलं असेल, तर आडवी हालचाल मोकळी आहे का ते शोधा.

जाडी लांबीच्या दहाव्या भागाहून जास्त असेल, तर शिअर (थर एकमेकांवर सरकणं) न धरणारी क्लासिकल थिअरी नको. शिअर सोडला की फ्रिक्वेन्सी फुगते, वरच्या मोडमध्ये (पहिल्यानंतरच्या कंपनांत) तर फारच. शिअर ढोबळपणे धरणाऱ्या पहिल्या क्रमाच्या थिअरीतला ५/६ गुणकही मुळात एकजिनसी छेदासाठी काढलेला आहे, एफजीएमसाठी तो अंदाजच समजा.

सॉफ्टवेअरमध्ये हळूहळू बदलाऐवजी एकजिनसी थर रचत असाल, तर १० थरांवर आकडा घ्या, मग २० वर. फरक पडला तर वाढवत जा. आउटपुट हर्ट्झमध्ये असतो आणि पेपर रेडियनमध्ये बोलतो, तेव्हा ६.२८चा गुणाकार राहून जातो. पेपरमधल्या डायमेन्शनलेस (एकक नसलेल्या) आकड्यात सिरॅमिकचे गुणधर्म घेतलेत की धातूचे, तेही तिथेच बघा.

आणि नमुना रबाळ्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये वाइसला धरून हातोडीने टेस्ट करणार असाल, तर आधी त्याच मापाची साधी अॅल्युमिनियमची पट्टी त्याच पकडीत ठोकून बघा. तिचाच आकडा हिशेबापेक्षा खाली आला, तर पकड ढिली आहे किंवा सेन्सर पट्टीच्या मानाने जड आहे.